‘पाटील आजी ना?’ असं विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णाच्या खासगीपणावरचा कालचा लेख वाचला. नावाऐवजी टोकन नंबर पुकारला की प्रश्न सुटेल, असं लेखकांचं म्हणणं दिसतं. वॉर्डात उशाशी चार रात्री काढलेल्या माणसाला हे पटणार नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या श्रावणात आई इथल्याच एका खासगी रुग्णालयात न्यूमोनियाने दाखल होती. वॉर्डात आणखी एक पाटील आजी होत्या, मधुमेहाच्या. नावही तेच. रात्री आईला ऑक्सिजन लागला आणि तिच्या खाटेजवळचा पॉइंट चालेना, म्हणून दोघींच्या खाटा बदलल्या. आई सहावरून आठवर आली. सकाळी ड्यूटी बदलली. नवी सिस्टर ट्रे घेऊन आली, “पाटील आजी ना? आठ नंबर?” आईला कमी ऐकू येतं, वर अंगात ताप. तिने मान हलवली. मी थर्मासमधला चहा ओतत होते. “कसलं इंजेक्शन?” म्हटलं, तर म्हणाली, “इन्सुलिन.” आईला साखर कधीच नव्हती! मी तिचा हातच धरला.

आईच्या मनगटावर पट्टा होता. पूर्ण नाव, वय, नोंदणी क्रमांक, सगळं त्यावर छापलेलं, पण अर्धं सलाइनच्या चिकटपट्टीखाली गेलेलं. चार दिवसांत तो कुणी वाचलेला मी पाहिला नाही. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्या एकटीवर बावीस रुग्ण होते, आणि चूक कळल्यावर तिचे हात थरथरत होते.

आईच्या वयाची माणसं डॉक्टर-सिस्टरांना ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘तुम्ही पाटील ना?’ विचारलं की ‘हो’च येणार. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असंच विचारायला हवं. ओळख पटवायला किमान दोन खुणा हव्यात आणि खोली क्रमांक त्यात धरू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यात उदाहरण जन्मतारखेचं आहे. पण आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून! आईची तीच, त्या आजींचीही तीच. म्हणून पट्ट्यावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सुई टोचूच नये.

आणि खासगीपणाचं म्हणाल, तर त्याच वॉर्डात राउंडच्या वेळी कुणाची गर्भपिशवी काढली, कुणाला लघवी आवरत नाही, हे भेटायला आलेल्या पाहुण्यांसकट सगळ्यांना ऐकू जात होतं. पडदे होते, ओढत कुणी नव्हतं. रुग्णाची गुपितं फोडू नयेत, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. ज्यांना कळायची गरज नाही त्यांना सगळं कळतं, आणि जिच्या हातात सुई आहे तिला समोर कोण आहे ते माहीत नसतं. टोकनने यातलं काय थांबणार?

आपल्या दैनिकाबद्दलही एक सांगायचं आहे. गेल्या आठवड्यात पान तीनवर विषबाधेच्या बातमीसोबत सलाइन लावलेल्या मुलींचं छायाचित्र होतं. चेहरे स्पष्ट, मागच्या पाटीवरची नावंही वाचता येत होती. छापलेलं परत घेता येणार नाही, पण संकेतस्थळावर ते अजून आहे. तेवढं कृपया आजच्या आज काढावं.

— एक वाचक, मिरज