दहा नंबरच्या सोन्यास

रोसारियो, अर्जेंटिना
८ जून

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. शाळेच्या फुटबॉल टीमनं तुला दहा नंबर दिला, लई आनंद झाला. इथली सोयाबीनची काढणी उरकत आली आणि तुमच्याकडं औशाला आता पेरणीची धांदल असणार, म्हणून दादाला वेगळं लिहीत नाही. त्याच्या कामाचं खाली आहे तेवढं त्याला वाचून दाखव.

तू विचारलंस, सगळ्यांत भारी दहा नंबर कोण आणि त्याच्यासारखं खेळायला काय करावं. नावं सांगतो, पण प्रत्येक नावासोबत त्यानं नेमकं काय केलं ते बघ. ते तुला औशाच्या मैदानावर करता येतं.

दहा नंबर म्हणजे खेळ रचणारा गडी, आपण ज्याला प्लेमेकर म्हणतो. त्याला इथं 'एन्गांचे' म्हणतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या हुकालाही हाच शब्द. पिन निसटली की ट्रॅक्टर रिकामाच पुढं जातो आणि ट्रॉली रस्त्यात उभी राहते, हे तुला सांगायला नको. विरोधी संघाची मधली फळी आणि बचावफळी यांच्यामध्ये जो पट्टा उरतो, तिथं या गड्यानं उभं राहायचं. चांगला संघ तो पट्टा दहा-बारा मीटरच्या वर उघडा ठेवत नाही. तेवढ्यात चेंडू घ्यायचा, वळायचं आणि पळणाऱ्याच्या वाटेत सोडायचा.

या पट्ट्याची किंमत जगाला कळली ती २५ नोव्हेंबर १९५३ ला, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर. हंगेरीच्या हिदेगकुटीच्या पाठीवर ९ नंबर होता, पण तो पुढं थांबायचाच नाही, मागं सरकून खेळायचा. इंग्लंडचा मधला बचावपटू जॉन्स्टन त्याच्या मागं गेला की पाठीमागं खिंडार पडायचं, जागेवर थांबला की हिदेगकुटी मोकळा. हंगेरीनं ६-३ नं मॅच जिंकली, त्यात त्याचे ३ गोल. तू खेळायलास तेव्हा हाच प्रश्न समोरच्या बचावपटूला पडला पाहिजे. तो तुझ्याजवळ चिकटून उभा असेल तर पाच पावलं मागं ये आणि तो काय करतो ते बघ. आला तर त्यानं सोडलेल्या जागेत तुमच्या एखाद्या पोरानं पळायचं. नाही आला तर चेंडू माग.

आता मुख्य गोष्ट. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळली पाहिजे. स्पेनच्या झावीच्या जुन्या मॅच बघ, पण चेंडूकडं बघू नको, त्याच्या डोक्याकडं बघ. डावीकडं, उजवीकडं, खांद्यावरून मागं, मान सारखी फिरत असते. म्हणून चेंडू आला की त्याला विचार करत बसावं लागत नाही, तो आधीच झालेला असतो. मान कधी वळवायची यालाही वेळ आहे. चेंडू दोन दुसऱ्या खेळाडूंच्या मध्ये फिरत असतो तेव्हा एकदा, आणि तुझ्याकडं पास निघाला की तो वाटेत असतानाच पुन्हा एकदा. शेवटच्या दोन-तीन मीटरला नजर चेंडूवर हवी. तिथं मान वळवलीस तर चेंडू नडगीला लागून उडतो, आणि मुरमाच्या मैदानावर तर हमखास उडतो.

याचा सराव तिघांत होतो. तिघं एका रेषेत, दोघांमध्ये ८ ते १० मीटर अंतर, मध्ये तू. समोरचा पास देतो. पास निघाला की मागचा बोटं वर करतो, एक ते पाच कितीही. चेंडू तुझ्यापर्यंत यायच्या आत तू आकडा मोठ्यानं सांगायचा, मग वळून चेंडू मागच्याला द्यायचा. दहा वेळा झालं की जागा बदला. पोरं दोन ठिकाणी चुकतात. एक, चेंडू घेतल्यावर मागं बघतात, म्हणजे उशीर. दुसरी चूक उभं राहण्याची. पास देणाऱ्याकडं छाती सरळ करून उभं राहिलास तर मागचं निम्मं मैदान दिसतच नाही. आडवा उभा राहा, एक खांदा पास देणाऱ्याकडं, एक गोलकडं. आणि चेंडू लांबच्या पायानं घे, पलीकडच्या. जवळच्या पायानं घेतलास तर तुझाच पाय तुझ्या वळणाच्या आड येतो. लांबच्या पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू हलकेच झेलला की तो गोलच्या दिशेनं आपोआप वळतो.

हे बघायला ब्राझीलच्या झिकोची एक चाल पुरेशी आहे. ५ जुलै १९८२, बार्सिलोना, ब्राझील विरुद्ध इटली. इटलीच्या जेंटिलेसारखा कडक बचावपटू अंगाला अंग लावून होता. झिको एका वळणात त्याच्यातून सुटला आणि सॉक्रेटिसच्या वाटेत चेंडू सोडला, गोल. ब्राझील ती मॅच ३-२ नं हरलं, तरी ते वळण अजून शिकवायच्या लायकीचं आहे. (हाच झिको पुढं एफसी गोवाचा प्रशिक्षक होता.)

मान वळवायला आली की दुसरी गोष्ट, थांबणं. इथं तिला 'ला पाउसा' म्हणतात. कानाला आपल्या पावसासारखं लागतं आणि अर्थही तुला पावसावरूनच सांगतो. पहिली सर पडली की पेरणारा माणूस दुबार पेरणीत जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पडून ओल खोल गेल्याशिवाय, वापसा आल्याशिवाय दादा चाड्यावर मूठ धरत नाही. पासचंही तसंच. पळणारा पळायला लागला नाही, बचावपटू हलला नाही, तोवर दिलेला पास वाया जातो.

या कामात इथल्या, अर्जेंटिनाच्या रिकेल्मेचा हात धरणारा कुणी नाही. चेंडूवर तळवा ठेवून, पाठ बचावपटूकडं करून तो उभा राहायचा. दोघं-तिघं त्याच्यावर धावून आले की ते जिथून आले ती जागा मोकळी झालेली असायची, आणि पास तिथंच जायचा. २८ नोव्हेंबर २००० ला टोकियोत त्याच्या बोका ज्युनियर्स क्लबनं रेआल माद्रिदला २-१ नं हरवलं, त्यातला दुसरा गोल त्याच्या लांब पासवर पालेर्मोनं केला. तो नसला की काय होतं तेही बघ. ३० जून २००६, बर्लिन, वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी. त्याच्याच कॉर्नरवर आयालानं हेडर मारून अर्जेंटिनाला आघाडी दिलेली. ७२ व्या मिनिटाला रिकेल्मेला बाहेर काढलं. ८० व्या मिनिटाला जर्मनीनं बरोबरी केली आणि पेनल्टीवर मॅच घेतली. पुढं चेंडू धरून ठेवणारंच कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो परत परत अर्जेंटिनाच्याच अंगणात येत राहिला, असं माझं ठाम मत आहे. आघाडी टिकवायला बचावपटू वाढवतात, पण चेंडू आपल्याकडं ठेवणारा माणूस हाही बचावच असतो.

पेलेचंही बघ. १९७० च्या वर्ल्ड कपची फायनल, ८६ वं मिनिट. डावीकडून जैरझिन्होनं चेंडू दिला. पेले डी-च्या तोंडाशी उभा, समोर इटलीचे बचावपटू. तो गोलकडं झेपावला नाही, घाई केली नाही, उजवीकडं मोकळ्या जागेत चेंडू नुसता सरकवून दिला. तिथं तेव्हा कुणीच नव्हतं. मागून कार्लोस आल्बेर्तो पळत आला आणि पाऊल न मोडता त्यानं चेंडू जाळ्यात घातला. पळणाऱ्याला पाऊल मोडावं लागलं तर पास चुकला असं समज, चेंडू पोचला तरी.

थांबायचा सराव असा. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद पट्टा, टोकाला दोन मीटरचा छोटा गोल. तुझ्याकडं चेंडू, समोर एक बचावपटू, बाजूला एक साथीदार. अट एकच, बचावपटूनं वजन तुझ्याकडं टाकेपर्यंत पास द्यायचा नाही. वजन टाकलं हे ओळखायचं त्याच्या पुढच्या पायावरून आणि कंबरेवरून. कंबर तुझ्याकडं वळली की त्याला साथीदाराकडं फिरायला एक पाऊल जास्त लागतं, तेवढंच तुला हवं असतं. अंतर साधारण दोन मीटर. पाच मीटरवरून दिलास तर तो मध्येच चेंडू तोडतो, एका मीटरच्या आत आणलास तर पाय घालतो.

आता पास कुठल्या दिशेनं. ही गोष्ट वहीत लिहून ठेव. पळणारा सरळ पळत असेल तर पास तिरका दे, पळणारा तिरका पळत असेल तर पास सरळ दे. दोन्ही सरळ असले की चेंडू पळणाऱ्याच्या पुढं पुढं धावतो आणि गोलीच्या हातात जातो. मेस्सी याच गावचा, २४ जून १९८७ चा जन्म. ९ डिसेंबर २०२२ ला नेदरलँड्सविरुद्ध त्यानं साथीदार मोलिनाला दिलेला पास या दृष्टीनं हळूहळू चालवून बघ. उजवीकडून आत, डावीकडं चेंडू घेऊन चालला होता, बचावपटू त्याच्याबरोबर सरकत होते, आणि त्यानं उलट दिशेला, त्यांच्या मधल्या फटीतून चेंडू सोडला. मोलिना तिथं पळत येणार हे त्यानं आधीच बघून ठेवलेलं. डेन्मार्कचा मायकेल लाउड्रप तर एकीकडं बघून दुसरीकडं पास द्यायचा, कारण बचावपटू डोळे वाचतो. पण न बघता पास देण्याची नक्कल करणारी पोरं एक विसरतात, लाउड्रपनं आधी बघितलेलं असायचं. तू अजून वर्षभर तरी त्या नादी लागू नको.

झिदान, प्लातिनी, इनिएस्टा यांचं पुढच्या पत्रात. प्लातिनीनं १९८४ च्या युरो स्पर्धेत ५ सामन्यांत ९ गोल केले एवढं फक्त ध्यानात ठेव, म्हणजे दहा नंबरनं नुसतं देत राहावं असं कुणी सांगितलं तर तू ऐकायचा नाहीस.

सगळ्यांत भारी कोण? मी मॅराडोना म्हणतो. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये ५ गोल आणि ५ गोलांचे पास. इंग्लंडविरुद्धचा धावत जाऊन केलेला गोल सगळ्यांना पाठ आहे, पण तू फायनलचा पास बघ. पश्चिम जर्मनीनं २-२ केलेलं, थोडीच मिनिटं उरलेली. चेंडू टप्पे खात आलेला, मॅराडोना मैदानाच्या मध्यावर, भोवती जर्मनांचं कडं. त्यानं चेंडू अडवला नाही, एकाच टचमध्ये डाव्या पायानं बुरुचागाच्या पुढं सोडला. बुरुचागा निम्मं मैदान पळून गेला आणि गोल केला. चेंडू अडवला असता तर फट बुजली असती. म्हणजे थांबणं ज्याला येतं त्यालाच कधी थांबायचं नाही हेही कळतं. चार वर्षांनी तुरिनमध्ये ब्राझीलविरुद्ध त्यानं उलटं केलं. चेंडू घेऊन पळत सुटला, चौघांना अंगावर ओढून घेतलं आणि तोल जाता जाता उजव्या पायानं, हो, त्याच्या कमजोर पायानं, कानिजियाला दिला. १-० नं मॅच संपली. मेस्सीचे गोल मोजायला बसलो तर तो कुणालाच ऐकत नाही, पण गर्दीच्या पोटातून पास काढण्यात मी मॅराडोनाला वर ठेवतो. इथं हे लिहिलेलं कुणाला आवडायचं नाही.

आता दादासाठी. शाळेच्या मैदानावर मुरूम आहे, तिथं चेंडू पूर्ण फुगवला की चेंडूच खेळतो, पोरं नाही. पाच नंबरच्या चेंडूला ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर हवा चालते. तुम्ही ०.६ ते ०.७ वर ठेवा, टप्पा बसतो आणि चेंडू पायाशी राहतो. गेज नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा, जरासा दबला पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी पडून राहिलेल्या चेंडूतली हवा तापून फुगते, खेळायच्या आधी परत बघावी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या कडेला मुळीच सराव घेऊ नका, बुटाला चिकटून पायाला ढेकळं येतात आणि घोटा मुरगळतो. मुरमावर पास हळू मारायला शिकवा, तो थांबता थांबत नाही. पाऊस होऊन गेल्यावर तोच पास अर्ध्यातच बसतो, तेव्हा जोर वाढवायला सांगा.

फक्कीनं १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखा. बाहेर चौघं, आत दोघं चेंडू पकडायला. बाहेरच्यांना दोनच टच. सलग १५ पास झाले की आतल्यांची एक फेरी वाढते, चेंडू गेला की ज्याच्यामुळं गेला तो आत. फार सोपं वाटायला लागलं तर चौकोन ८ मीटरवर आणा, फार अवघड झालं तर १२ वर न्या. पंधरा मिनिटं पुरे, त्यापुढं पोरांची मान वळायची थांबते आणि मग वाईट सवय लागते.

सोन्या, तुझ्यासाठी शेवटचं. पुढच्या मॅचला कुणाला तरी शाळेच्या गच्चीवर मोबाईल देऊन बसव. चेंडूच्या मागं फिरवायचा नाही, दहा मिनिटं फक्त तुझ्यावर धरायचा. घरी आलास की बघ, आणि प्रत्येक वेळी चेंडू तुझ्याकडं यायच्या आधी तू मान किती वेळा वळवलीस ते वहीत लिही. शून्य असेल तिथं शून्यच लिही. मला त्या पानाचा फोटो पाठव.

आजीला माझा दंडवत सांग, वहिनीला नमस्कार.

तुझा काका