मी हे काम का सोडत नाही

रिचलंड, वॉशिंग्टन राज्य

ती. बाबा आणि आई यांना सा. नमस्कार,

आई, परवा फोनवर तू पुन्हा म्हणालीस, "सोड गं आता ते काम, तुला दुसरीकडे काय कमी आहे?" फोनवर उत्तर द्यायला गेले की तुझा गळा दाटतो आणि बाबा हवापाण्याचं विचारतात. म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

आधी तुझी भीती. मी काही त्या विषात हात घालत नाही. अणुकचऱ्याच्या टाक्या जमिनीखाली आहेत, वर माणूसभर उंचीहून जास्त माती. छातीवर बिल्ला असतो, अंगावर किती किरणोत्सर्ग आला ते त्यावरून कळतं. कायद्याची मर्यादा वर्षाला 50 मिलिसिव्हर्ट आहे आणि प्रत्यक्षात आम्हाला तिच्या खूपच खाली ठेवतात. खरं सांगायचं तर मला किरणांपेक्षा टाक्यांतून येणाऱ्या वाफांची धास्ती जास्त वाटते. त्यासाठी काही कामांना पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून जावं लागतं. जड असतं, पण मी कुरकुर करत नाही.

आता ही टाक्यांची भानगड. 1943 मध्ये अमेरिकी सरकारने कोलंबिया नदीकाठची हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही गावं अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायला थोड्या दिवसांच्या नोटिशीवर उठवली. आजीचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं, तेव्हा त्याबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगू! इथे तयार झालेलं प्लुटोनियम नागासाकीवरच्या बॉम्बमध्ये गेलं. पुढे शीतयुद्ध आलं आणि 1987 पर्यंत अणुभट्ट्या चालूच राहिल्या. वापरलेलं इंधन ॲसिडमध्ये विरघळवून त्यातून प्लुटोनियम काढायचं आणि उरलेला रेंदा टाकीत सोडून द्यायचा. पुढचं पुढे बघू! अशा 177 टाक्या, त्यात सुमारे 21 कोटी लिटर. त्यातल्या 149 एकाच पोलादी पत्र्याच्या, काही दशकंच टिकतील अशा. 67 गळल्या असाव्यात असं धरतात. नदी तिथून फार लांब नाही.

मामा सगळ्यांना सांगतो, "पोरगी इंजिनिअर होऊन अमेरिकेत कचरा काढते." सांगू दे. शब्दन् शब्द खरा आहे.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. माझं काम म्हणजे पंप. तुम्ही वाडीच्या कारखान्यात जन्मभर जे केलंत तेच, फक्त इथे पंप उघडून बघता येत नाही. टाकीच्या छताला थोडे पाइप आहेत, काही जेमतेम वीतभर रुंदीचे. जे काही आत सोडायचं ते त्यातूनच. लांब शाफ्टचा उभा पंप क्रेनने खाली उतरवायचा आणि एकदा उतरला की त्याला कोणाचा हात लागणार नाही, असं धरूनच डिझाइन करायचं. गळती थांबवायला ग्लँड आवळायला जाता येत नाही, बेअरिंगला हात लावून ऊब बघता येत नाही. बाहेर काढायची वेळ आलीच, तर वर येता येता त्याला पाण्याने धुवून लांबलचक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतात. त्यानंतर तो पंप राहत नाही, तोही कचराच होतो.

टाकीत तरी एकजिनसी काही आहे का? वर पाणी, मध्ये दगड झालेलं मीठ, तळाला गाळ. मीठ विरघळवायचं, गाळ फवाऱ्याने पंपाच्या तोंडाशी ढकलायचा. आम्ही दूर केबिनमध्ये बसून हे कॅमेऱ्यावर बघतो. पाइपलाइनही पाइपात पाइप अशी. फॉस्फेट जास्त असेल आणि द्रव थंड झाला, तर लाइनमध्येच थंडीतल्या काकवीसारखा बसतो. म्हणून काम संपलं की गरम पाणी सोडून लाइन धुवायचीच.

या सगळ्याची शेवटी काच करायची, म्हणजे कचरा तिच्यात कोंडला जातो. द्रवातलं किरणोत्सर्गी सीझियम आधी गाळून काढतात, मग उरलेला द्रव काचेच्या कच्च्या मालात मिसळून 1150 अंशाला वितळवतात आणि स्टेनलेस स्टीलच्या पिंपांत ओततात. एकेक भरलेलं पिंप सहा-सात टनांचं. या कारखान्याचं बांधकाम 2002 मध्ये सुरू झालं आणि पहिली काच निघाली 2025 च्या ऑक्टोबरमध्ये. त्या दिवशी कँटीनमध्ये माझ्या वडिलांच्या वयाचे लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. आई, अशी माणसं मला दुसऱ्या कुठल्या कंपनीत मिळतील, सांग. आणि ही काच कमी तीव्रतेच्या कचऱ्याची. जास्त तीव्र कचऱ्यासाठीचा कारखाना अजून पुरा व्हायचाय. मी निवृत्त होईन तेव्हाही बऱ्याच टाक्या भरलेल्याच असतील. तुला हेच खटकतं ना, की संपणारच नाही ते का करायचं? मला उलट वाटतं. मी ज्या टाकीवर काम करते ती तरी रिकामी होईल, आणि गळायला तिच्यात काही उरणार नाही. पगार इतर ठिकाणी जास्त आहे, हे मला माहीत आहे. विचार करूनच राहिले आहे.

बाबा, एक अडचण आहे. उभ्या पंपाचं खालचं बेअरिंग गाळाने खाल्लं जातं. कृष्णेच्या गढूळ पाण्यातल्या पंपांना तुम्ही शाफ्टभोवती नळी घालून बाहेरून स्वच्छ पाणी द्यायचात, असं आठवतं. इथे ते चालत नाही, कारण टाकीत घातलेलं प्रत्येक लिटर पाणी म्हणजे आणखी एक लिटर कचरा, आणि उपसलेला कचरा ज्यांत ठेवतो त्या दुहेरी भिंतीच्या टाक्यांत फारशी जागा उरलेली नाही. पाण्याशिवाय चालवलेलं रबरी बेअरिंग किती तास टिकायचं? पाटीलकाकांनाही विचारा, पंपांची चाचणी घेणाऱ्या टेस्ट बेडवर तेच असायचे. आकडा अंदाजे असला तरी चालेल, रविवारच्या फोनवर सांगा.

तुमची
मनू