ग्रंथालयाची तालिका आणि मुलांचे प्रकल्प : मदतीचे आवाहन

सर्व पालक, माजी विद्यार्थी, शिक्षक व हितचिंतकांस सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रंथालय समितीचे काम तुम्हाला नव्याने सांगायला नको. दाखल नोंदवहीतली, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवलेल्या वहीतली, एकेक ओळ संगणकावर चढवून पुस्तकांची तालिका (यादी) करायला निवृत्त ग्रंथपालबाईंनी सुरुवात केली, तीही सुट्टीत शाळेत येऊन. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून लॅपटॉप दिले. एका पालकांनी नाव जाहीर न करण्याच्या अटीवर इंटरनेटची जोडणी घेऊन दिली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) आणताना फुटलेली जोडाक्षरे संध्याकाळी उशिरापर्यंत बसून नीट करणाऱ्या ताईंचे तर किती आभार मानावेत! आज मराठी नाव टाकले की पुस्तक सापडते, ते त्यांच्यामुळे.

या पायावर मुलांनी काय उभे केले, ते एकदा येऊन पाहाच. ‘पाणी’ या विषयावर विज्ञान, भूगोल आणि भाषेच्या गटांनी मिळून एकच विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचे आणि दुरुस्त करायचे संकेतस्थळ, लिहिले. एकीने लिहिले, ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते.’ दुसरीने त्यात ‘समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला’ एवढी भर घातली आणि शेजारी आपल्याच ग्रंथालयातल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक व पान नोंदवले. कोणी सांगितले नव्हते! पूर्वी गटप्रकल्पात एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी नावे घालायची. आता संपादनाचा इतिहास उघडला की कोणी काय लिहिले, काय खोडले, सगळे दिसते. गुणही त्यावरून देता येतात. वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता यावे, या कल्पनेवर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी सुरू केले. २००१ मध्ये विकिपीडिया आला, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. आपली मुले याच वाटेने चालली आहेत, याचा समितीला मनापासून अभिमान आहे.

मागच्या आवाहनाच्या वेळी कौतुक पुष्कळ झाले, पण नावनोंदणीचा कागद जवळजवळ कोराच परत आला. वाईट वाटले. ‘सगळे नेटवर मिळते, मग ग्रंथालय कशाला?’ असेही ऐकावे लागले. नेटवर मिळते, हे खरेच आहे. पण मिळालेले पुस्तकाशी ताडून पाहायची सवय मुलांना ग्रंथालयातच लागते, आणि ती लावायला मोठी माणसे सोबत लागतात.

यंदा थांबून चालणार नाही. तालिका अर्धवट आहे. नोंदी वेगवेगळ्या हातांनी झाल्याने ‘विज्ञानकथा’, ‘विज्ञान कथा’ आणि ‘विज्ञान-कथा’ अशी एकाच पुस्तकाची तीन नावे पडली आहेत आणि संगणक ती तीन पुस्तके समजतो. मुलगा शोधतो, सापडत नाही, निघून जातो. पुस्तक मात्र कपाटातच असते. पुढच्या सत्राचे पाठ शिक्षकांना याच तालिकेशी जोडायचे आहेत, म्हणजे धडा उघडला की पूरक वाचनाची यादी समोर येईल. त्याआधी नोंदी एकसारख्या झाल्याच पाहिजेत.

हवे आहे ते असे : चालू स्थितीतले लॅपटॉप (आधीच्या मालकाची माहिती पुसूनच द्यावेत), इंटरनेटच्या वार्षिक खर्चाला हातभार, आणि मराठी टंकलेखन येणारी माणसे, आठवड्यातून एक तास. तालिकेचे काम सामायिक फाईलमध्ये असल्याने घरूनही करता येईल. नोंद कशी लिहायची याचा नमुना पहिल्या ओळीत आहे, तो मोडू नये. चुकून काही पुसले गेले तरी आधीची प्रत परत आणता येते, तेव्हा घाबरू नये. अनेक सेवांवर १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते काढता येत नाही, म्हणून लहान वर्गांसाठी शिक्षकांच्या खात्यावरून काम होईल. त्या वेळी शेजारी बसणारे पालक हवेत. मुलांची पूर्ण नावे व छायाचित्रे विकीवर टाकली जात नाहीत. पुस्तकांची पाने स्कॅन करून आणू नयेत, प्रताधिकाराचा प्रश्न येतो. देणगीची पावती लगेच मिळेल, हिशेब पालकसभेत मांडला जाईल. नावे ग्रंथालयात शाळेच्या वेळेत द्यावीत, सत्र सुरू होण्याआधी.

आपली,
सचिव, ग्रंथालय समिती