निरसं दूध नको, घरचं विरजण मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूध तापवलं की त्यातले चांगले जिवाणू मरतात, म्हणून देशी गाईचं निरसं दूध प्या आणि त्याचंच दही लावा, असा सल्ला सध्या आमच्या भागात मोबाईलवर फिरतो आहे. उदगीर-देवणीकडच्या माणसाला देवणी गाईचा अभिमान. त्यामुळे तो लगेच पटतो. लहान लेकरांना धारोष्ण दूध पाजलं जातंय, म्हणून हे पत्र.

दह्यात पोटाच्या कामाचे जिवाणू असतात, हे खरंच आहे. पण ते विरजणातून येतात. आमच्या आया-आज्या दूध चांगलं तापवायच्या, बोटाला सोसेल इतकं निवू द्यायच्या आणि मग चमचाभर इरजण लावायच्या. तापवल्यानं रोगाचे जंतू मरतात. मागून आलेले लॅक्टोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि दही लागतं. दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही सोसतं ते त्यांच्यामुळेच. स्टामेन ग्रिगोरोव्ह या संशोधकानं १९०५ साली ज्या बल्गेरियन दह्यातला जिवाणू शोधला, तेही परंपरेनं तापवलेल्या दुधाचंच लावतात. निरसं दूध आपोआप आंबलं तर त्यात नेमकं काय वाढलं, हे डोळ्यांनी कळत नाही.

गाय गाभडली की आपण दृष्ट लागली म्हणतो. पुष्कळदा तो सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस असतो. पुढच्या वेताला तीच गाय धडधाकट दिसते, पण दुधातून जंतू येऊ शकतात. माणसाला ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर नि सांधे धरतात. मलेरिया, टायफॉईडच्या तपासण्या होत राहतात आणि दूध कसं पिता हे कुणी विचारत नाही. जनावरांचा क्षयही निरशा दुधातून माणसात येतो. गाय देवणी असो, लाल कंधारी असो की संकरित, जंतूला जात कळत नाही.

उलट जे जपायचं ते आपण सोडतोय. घरात गाय असून दही पिशवीचं येतं. बाहेर महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं ताक तर टिकावं म्हणूनच इतकं तापवलेलं असतं की त्यात जिवंत जिवाणू उरत नाहीत. उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्यांवर ओतलेलं घरचं ताजं ताक त्याहून कितीतरी सरस. (कण्या निवल्यावर ओतावं, एवढंच.)

आपल्या पुरवणीत पशुवैद्यक आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याकडून यावर लिहून घ्यावं, ही विनंती. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची लस सरकारी मोहिमेत मोफत मिळते, आणि ती आयुष्यात एकदाच द्यावी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्याचं पथक गावात कधी येणार, हे ग्रामपंचायतींनी आधी दवंडी देऊन सांगावं. सकाळी जनावरं रानात गेल्यावर पथक येतं आणि कालवडी राहून जातात.

– एक पशुपालक वाचक, उदगीर (जि. लातूर)