एका दिवसाच्या वजनावर दंड कसला घेता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या पुण्यात जिकडे बघावं तिकडे वेट लॉस चॅलेंज चालू आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, हिंजवडीच्या ऑफिसांमधे, जिममधे, सकाळी तळजाईला चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपमधे सुद्धा. लोक हलतायत, चालतायत, घरचं जेवतायत ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार आहे ती या चॅलेंजच्या नियमाबद्दल. आमच्या भागातल्या एका ग्रुपचा नियम असा की दर रविवारी सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि गेल्या रविवारपेक्षा वजन वाढलेलं असेल तर ५० रुपये दंड, तेवढंच राहिलं तर "मेहनत कमी पडतेय" असा सगळ्यांसमोर मेसेज. पैशाचं सोडा, पण यातून लोक स्वतःच्या शरीराशी काय काय करायला लागलेत ते बघून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या जावेचं सांगते. ती मनापासून डाएट करते, रात्रीचा भात बंद, बाहेरचं नाही, संध्याकाळी जिम. एका रविवारी आम्ही घरचे सगळे सिंहगडावर गेलो. आतकरवाडीकडून चढलो, वर गेल्यावर पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी, मडक्यातलं दही, जे सगळे खातात तेच खाल्लं आणि पायीच उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमबाहेर काट्यावर उभी राहिली आणि मला हाक मारली, "ताई, दीड किलो वाढलं हो, एवढा गड चढून!" आवाज रडवेला. त्या दिवशी तिने काही खाल्लं नाही, पाणी पण घोट घोट, आणि तशीच संध्याकाळी जिमला गेली, तिथे ट्रेडमिलवर चक्कर आली म्हणून रिक्षाने घरी आणावं लागलं. हे सगळं कशासाठी तर दीड किलो पाण्यासाठी!

हो, पाण्यासाठीच. हिशोब करून बघा. १ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे एका रात्रीत १ किलो चरबी चढायची तर रोजच्या जेवणाच्या वर ७७०० कॅलरी जास्तीच्या खायला लागतील. एका भाकरीच्या दीडशे धरल्या तरी पन्नासेक भाकऱ्या होतात, आणि दीड किलोसाठी पंच्याहत्तर. त्या कोण खातं? मग काटा दीड किलो वर गेला तो कशाने? तर एक म्हणजे ठेचा, भजी, पिठलं यातलं मीठ, शरीरात मीठ जास्त झालं की ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकेपर्यंत शरीर त्याच्या जोडीला पाणी धरून ठेवतं. दुसरं म्हणजे भाकरी. आपण जे पिष्टमय खातो त्यातलं काही स्नायूंमधे आणि लिव्हरमधे ग्लायकोजेन म्हणून साठतं, मोठ्या माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. जी बाई कित्येक दिवस भात-भाकरी कमी खातेय तिचा हा साठा रिकामा झालेला असतो, एक दिवस नीट जेवली की तो भरतो आणि पाण्यासकट भरतो. तिसरं कारण, आणि हे कोणीच सांगत नाही, गड उतरताना मांड्यांवर जो ताण येतो त्याने स्नायूंना बारीक इजा होते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखतात ते त्याचंच, आणि ती इजा भरून निघेपर्यंत तिथे सूज असते म्हणजे पुन्हा पाणीच. चौथं तर अगदी साधं, पोटात असलेलं अन्न. खाल्लेलं बाहेर पडायला कोणाला एक दिवस लागतो कोणाला तीन, तोपर्यंत ते काट्यावर तुमच्याबरोबर उभं असतंच.

त्यातलं तिसरं कारण नवीन जिम लावणाऱ्यांनी तर पक्कं लक्षात ठेवायला पाहिजे. पहिले दोन-तीन आठवडे व्यायाम चालू केल्यावर वजन कमी व्हायच्या ऐवजी अर्धा-एक किलो वाढू शकतं, स्नायूंमधलं पाणी वाढतं, रक्तातला पाण्याचा भाग पण वाढतो, आणि त्यात कोणी क्रिएटिन (ताकद वाढावी म्हणून जिमवाले घेतात ती पावडर) घेत असेल तर त्याने अजून एखादा किलो. इथेच बरीच माणसं "मला जिम सूट होत नाही" म्हणून सोडून देतात, जेव्हा खरं तर शरीर व्यायामाला चांगली साथ देत असतं. वर्षाची फी भरलेली असते ती वाया जातेच पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते माणूस हिरमुसलं याचं.

आता उलट बाजू. एकादशीला कडक उपास केला, दुसऱ्या दिवशी १ किलो कमी, सगळे खूश. तो पण चरबीचा किलो नाही. ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी गेलं, आतडी रिकामी झाली, झालं. द्वादशीला जेवलात की परत आलं. डाएट कुठलाही असो, दोन वेळाच जेवायचा असो, भात-पोळी बंद असो, की नुसत्या ज्यूसचा असो, पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झपकन जातात त्यातलं बरंचसं पाणी असतं आणि मग तिसऱ्या आठवड्यात काटा अडकला की माणूस म्हणतो डाएट बंद पडला. बंद पडलेला नसतो, आता कुठे चरबीचा खरा वेग दिसायला लागलेला असतो, तो मुळातच कमी असतो, आठवड्याला अर्धा किलो म्हणजे सुद्धा भरपूर.

बायकांचं तर अजून वेगळं. पाळीच्या आधीचे काही दिवस शरीर पाणी धरतं, कोणाचं अर्धा किलो वाढतं कोणाचं दोन, आणि पाळी सुरू झाल्यावर ते आपोआप उतरतं. म्हणजे ज्या मुलीने महिनाभर नीट पाळलंय तिचा रविवार जर नेमका त्या दिवसांत आला तर तिने दंड भरायचा आणि ग्रुपवर पुरुष मंडळींसमोर कारण पण सांगायचं का? माझ्या भाचीने याच कारणाने ग्रुप सोडला. तिने बरोबर केलं असं मी तिला सांगितलं. बायकांनी या महिन्याचं वजन मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडून बघावं, म्हणजे पाळीच्या चौथ्या दिवसाचं पाळीच्या चौथ्या दिवसाशी, तेव्हा कुठे खरं कळतं.

दंड चुकवायला लोक जे करतात ते ऐकून तर भीती वाटते. शनिवारी दुपारनंतर पाणी बंद. रबरी जॅकेट घालून धावायचं. आणि एकजण तर घरातल्या म्हाताऱ्यांच्या बीपीसाठी असलेल्या लघवीच्या गोळ्या घेत होता! अहो, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, घामाने गेलं की काटा खाली आणि प्यालात की वर, त्याचा चरबीशी संबंध नाही. चरबी घामावाटे वितळून जात नाही. १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं, हा हिशोब २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे छापून आलेला आहे. लघवीच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता घेतल्या तर शरीरातलं पोटॅशियम खाली जाऊ शकतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. आणि रबरी जॅकेट घालून पुण्याच्या एप्रिलमधे धावणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण आहे. हे कुठल्याही ट्रेनरने करायला सांगितलं तर तिथून निघून यावं, स्पष्ट सांगते.

मग वजन करायचंच नाही का? करायचं, पण नीट. सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी, त्याच कपड्यांत. काटा गादीवर सतरंजीवर नाही, फरशीवर, आणि रोज एकाच जागी, कारण फरशी जरा खालीवर असली तरी आकडा बदलतो. आमच्या घरी आता कालनिर्णयच्या चौकटीत रोजचा आकडा पेन्सिलने लिहितो, त्याचा फायदा असा की तिथेच एकादशी दिसते, सण दिसतो, लग्नाचं बोलावणं लिहिलेलं असतं, पाळीची खूण असते, म्हणजे काटा का उडाला ते शेजारीच कळतं. आणि रविवारी सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागायचं. बस.

जावेच्या त्या आठवड्याचे आकडे तिला विचारून देते. सोमवार ७३.६ (हा गडाच्या दुसऱ्या दिवशीचा), मग ७३.१, ७२.९, ७२.४, ७२.२, ७२.० आणि रविवारी ७२.३. बघा, दीड किलो कुठलाही जादू न करता आठवड्याभरात उतरलं. सरासरी ७२.६. पुढच्या आठवड्यात बुधवारी लग्नाचं जेवण होतं, आकडे असे : ७२.१, ७१.९, ७१.८, मग गुरुवारी एकदम ७३.२, ७२.८, ७२.० आणि रविवारी परत ७२.३. सरासरी ७२.३. आता ग्रुपच्या नियमाने बघितलं तर रविवार ते रविवार ७२.३ आणि ७२.३, म्हणजे शून्य, "मेहनत कमी पडतेय". आणि सरासरीने बघितलं तर तीनशे ग्रॅमच्या वर खाली आलीय. ज्या बाईचं सगळं बरोबर चाललंय तिलाच तुम्ही नापास करताय! दोन आठवड्यांच्या सरासरीवर पण फार नाचू नये, महिनाभराच्या चार सरासऱ्या ओळीने बघाव्यात, त्या खाली येत असतील तर चाललंय ते चालू द्यावं आणि चारही तिथेच असतील तर मग ताटात काय बदलायचं ते बघावं.

शिवाय टेप घ्या. कंबर मोजा, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर आहे, आणि आपल्या लोकांना शुगर, हार्टचा त्रास पोटाच्या चरबीने लवकर होतो म्हणून ही मोजणी काट्यापेक्षा जास्त कामाची. जे काटे पायाला करंट देऊन चरबीचा टक्का दाखवतात त्यांच्या रोजच्या आकड्यावर पण विसंबू नका, अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की तो टक्का पण हलतो.

एक गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र पाठवणं बरोबर होणार नाही. ज्यांना हार्ट फेल्युअर आहे किंवा किडनीचा आजार आहे त्यांच्या बाबतीत रोजचं वाढलेलं वजन "पाणीच आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण तिथे ते पाणीच धोक्याचं असतं. माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, आडवं झाल्यावर दम लागला तर वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. घरात असं कोणी असेल तर त्यांचं वजन रोज लिहाच, आणि किती वाढल्यावर कळवायचं तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ग्रुप चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की दंड बंद करा आणि रविवारच्या फोटोऐवजी आठवड्याची सरासरी मागा, ती पण ज्याला द्यायची त्यानेच. आणि संपादक साहेब, एक विनंती तुम्हाला. छोट्या जाहिरातींच्या पानावर "७ दिवसांत ५ किलो कमी, गॅरंटी" असं छापून येतं. ५ किलो चरबी म्हणजे ३८५०० कॅलरी, सात दिवसांनी भागलं तर रोजच्या ५५००. घर-ऑफिस करणारी बाई दिवसाला दोन हजारच्या आसपास खर्च करते, म्हणजे तिने आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहिलं तरी हे होणं शक्य नाही. अशी जाहिरात आली की छापायच्या आधी देणाऱ्याला एवढंच विचारा, ५ किलो कशाचे?

आपली,
एक नियमित वाचक,
सहकारनगर, पुणे