बेसमेंट सजवताना विश्वामित्री विसरू नका

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत बेसमेंटमधे होम थिएटर, गेस्टरूम वगैरे फोटो बघितले, छानच आहेत, पण आपलं बडोदं आहे हो, विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 26 फूट आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी 35 फुटांवर गेलं होतं. आमच्या तळघरातलं एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं) कपाट पाणी पिऊन पोह्यांसारखं फुगलं, दारच उघडेना. आता खाली फक्त टाइल्स, लोखंडी रॅक आणि स्विचबोर्ड छातीच्या उंचीवर.

किचनवर मात्र खर्च केला, ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलच्या ट्रॉल्या, सिंकखाली पीव्हीसी बोर्ड. चिमणी सासूबाईंना आवडत नाही, फार आवाज करते म्हणतात, फोडणीच्या वेळी खिडकीच उघडतात.

पुढच्या वेळी फोटोंबरोबर मटेरियल कुठलं तेपण छापा ना.

एक वाचक, अकोटा, बडोदा