कूलरसाठी छापलेल्या ७० मिमीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : छोट्या पीसी कॅबिनेटवर सीपीयू कूलरच्या उंचीची मर्यादा चुकीची छापल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमचं मिनी-आयटीएक्स (छोट्या मदरबोर्डासाठीचं) कॅबिनेट मी गेल्या महिन्यात घेतलं. घरीच पीसी जोडायचा होता आणि टेबलावर जागा बेताची. खोक्यावर आणि माहितीपत्रकात 'सीपीयू कूलरची कमाल उंची ७० मिमी' असं स्वच्छ छापलंय. ते वाचूनच प्रोसेसर (सीपीयू) थंड ठेवणारा ६७ मिमीचा कूलर आणला. म्हटलं, तीन मिलिमीटर हाताशी राहतील.

सगळं जोडून झालं आणि बाजूचं झाकण बसेना. वरच्या खाचेत अडकलं, पण खालून टेकेचना. जरा दाबलं तर कूलरचा पंखा जाळीला घासून करकरायला लागला. आधी वाटलं माझंच चुकलं, कूलर तिरका बसला असेल. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट पुसून, नवी लावून पुन्हा बसवला. तेच.

मग कूलर काढला, कॅबिनेटच्या दोन्ही कडांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि कॅलिपरची दांडी खाली सोडली. प्रोसेसरच्या माथ्यापर्यंत ६२.५ मिमी. सहज म्हणून शेजारी मदरबोर्डापर्यंत मोजलं, तर बरोबर ७०! तुमचा आकडा आला कुठून ते तिथं कळलं. कूलरची उंची धरतात ती त्याच्या तळापासून, म्हणजे तो प्रोसेसरला जिथं टेकतो तिथून. तुम्ही मोजलंत बोर्डापासून. प्रोसेसर ज्यात बसतो ते सॉकेट आणि प्रोसेसर मिळून होणारी साडेसात मिमी जाडी तुमच्या हिशेबात नाहीच. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. एवढ्याशा कॅबिनेटमध्ये मात्र सगळं त्यावरच अडतं.

ग्राहक सेवेला फोटोंसह कळवलं. उत्तर आलं, 'आपला कूलर सुसंगत नाही, कमी उंचीचा वापरावा.' अहो, ६७ हे ७० पेक्षा कमीच आहेत! पुढच्या मेलमध्ये 'उत्पादनात थोडाफार फरक संभवतो.' पत्रा वाकवताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होईल, मान्य. साडेसात कसा होईल? उलट बोर्डापासून नेमके ७० भरतात, म्हणजे तुमच्या कारागिरांनी पत्रा चोख वाकवलाय. चूक कागदावरची आहे.

सोबतच्या रायझर केबलचंही (ग्राफिक्स कार्ड बोर्डाला जोडणारी केबल) सांगून ठेवतो. तिच्यावर पीसीआयई ४.० (कार्ड-बोर्ड जोडणीची चौथी पिढी, म्हणजे जेन ४) लिहिलंय, पण त्या वेगाला गेम सुरू झाला की स्क्रीन काळी पडते. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जेन ३, म्हणजे आधीच्या पिढीचा कमी वेग केला की तासन्‌तास चालतं. तेच कार्ड थेट बोर्डावर लावलं तर जेन ४ लाही कुरकुरत नाही. (ही चाचणी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून केली. तोवर त्याचीही सवय झाली होती.)

कॅबिनेट टाकाऊ आहे असं नाही. कडा हाताला लागत नाहीत, एसएफएक्स (छोट्या आकाराचा) पॉवर सप्लाय आरामात बसतो, धुळीची जाळी चुंबकाची असल्यामुळे पटकन निघते. म्हणून तर जास्त चीड येते.

कॅबिनेट केबलसकट परत न्यावं, पूर्ण पैसे आणि पाठवणीचा खर्च मिळावा. बदली नको, त्याच साच्यातलं दुसरं आलं तरी तेवढंच भरणार. माहितीपत्रकातला ७० चा आकडाही दुरुस्त करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, मोजमापाचे फोटो, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार